टाके घातलेलं पान

"सर, अळीला टाके घालता येतात का?"

सगळा वर्ग खो-खो हसला. "विचारून दाखव, तर मानते तुला!" अशी पैज शेजारी बसणाऱ्या संध्यानंच लावली होती. अन् प्रतिक्षा काही कुणाला भिणारी नव्हती!

विज्ञानाचे सर मात्र हसले नाहीत. तिच्या हातातलं हळदीचं चेंदामेंदा झालेलं पान त्यांनी उजेडाकडे धरलं. कडा बारीक धाग्यानं शिवलेल्या होत्या.

"कुठं सापडलं?"

"काल, आमच्या हळदीत. पान गुंडाळणारी अळी पडलीय. बाबा म्हणाले, गुंडाळलेलं पान दिसलं की तोडायचं अन् चपलेखाली रगडायचं. सगळ्यांत जास्त मीच रगडली, सर!"

"आधी उघडून पाहिलीस?"

"न्हाई…"

सरांनी घडी उलगडली. आत कापसाचा पुंजका, अन् त्यात विटकरी रंगाच्या अंड्यांच्या कवचाचे चकचकीत तुकडे. हसू थांबलं.

"राखी वटवट्याचं घरटं आहे हे. एवढासा पक्षी, कोळ्याच्या जाळ्याचा धागा करून पान शिवतो. पिल्लांना काय भरवतो, ठाऊक आहे? तुमच्या हळदीवरच्या अळ्या!"

प्रतिक्षानं ते तुकडे मुठीत घेतले. "पुन्हा जोडता येईल, सर?"

"नाही, बाळा."

शाळा सुटताच ती शेतात पळाली. वटवट्याची जोडी तिथंच होती. शेपटी उभारून, दोघं तुटलेल्या देठाभोवती चट-चट करत फिरत होते. घर शोधत होते. अन् बांधावर तिचे बाबा, बालाजी, फवारणीचा पंप भरत होते.

"पानं येचत बसायला येळ न्हाई. उद्या औषध मारूनच टाकतो."

"काहून रडून राहिली गं?" आईनं खुरपं खाली ठेवलं.

प्रतिक्षानं मूठ उघडली. सगळं सांगितलं. बाबांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"मला तं अळीच वाटायची," ते खाली बसले. "इतक्या वर्षांत किती घरटी रगडली असतील मी…"

वाचकहो, नीट न बघता आपण ज्याला शत्रू ठरवतो, तो कदाचित आपलंच शेत राखत असतो! चूक कळते तेव्हा पायाखाली नुसती टरफलं उरतात.

प्रतिक्षानं डोळे पुसले.

"आई, बाबा, ऐका. पंप रिकामा करा. रोज शाळेआधी मी येणार, एकेक पान बघणार. टाके दिसले तर हात लावणार न्हाई. अन् उद्या परिपाठात सगळ्या शाळेसमोर सांगणार, ते घर मी मोडलं."