सकाळपासून वाजणारी चेन

मे महिन्याचं तिरकं ऊन पाठीवर घेऊन खडीच्या वाटेवरून सायकल चालवणारी एक आकृती आणि तिची किंचित कललेली मान. आमच्या ह्यांचं चित्र माझ्या मनात उमटतं ते असं, पाठमोरं. मान कलती करून उजवा कान जगाकडे लावण्याची ही लकब लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही होती, आणि हा मनुष्य मला बघायचं सोडून सनईवाल्याचा चुकलेला सूर ऐकतोय की काय, अशी शंका मला तिथेच आली होती. ती खरी असल्याचं त्यांनी नंतर कबूलही केलं.

ऐकणं हीच त्यांची उपजीविका. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या गाड्यांच्या कारखान्यात, नव्या गाडीत कुठे काही करकरतंय, खुळखुळतंय का, हे शोधायचं त्यांचं काम. डोळे मिटून मागच्या सीटवर बसायचे, बोट दाखवायचे, आणि तिथे एखादा स्क्रू ढिला निघायचाच. बरोबरचे जर्मन इंजिनिअर ‘गेनाऊ’, अगदी बरोबर, म्हणून मान डोलवायचे. घरी कुकरची रिंग सैल झाल्याचं मला कळायच्या आत ह्यांना पलीकडच्या खोलीत कळायचं. असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं.

दर वसंतात आठवडाभर आम्ही इटलीतल्या सार्डिनियाच्या बेटावर जायचो, भाड्याच्या सायकली घ्यायचो आणि डांबरी रस्ता सोडून आतल्या कच्च्या वाटांना लागायचो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, बाटल्यांच्या बुचांसाठी साल सोललेली तांबूस झाडं, दूर कुठे मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटांचा मंद नाद. आणि त्या निःशब्दतेत टायरखाली चुरचुरणारी खडी. लोक तिथे शांततेसाठी येत, हे मात्र ऐकायला येत. वळूनही न बघता पुढून सांगत, “तुझ्या मागच्या चाकात हवा कमी आहे.” मी चिडायचे. हवा कमीच असायची.

त्या वर्षी माझी चेन सकाळपासून कुरकुरत होती, कोरडी, केविलवाणी. आणि हे काही बोलले नाहीत. पहिला तासभर मला बरं वाटलं, सुटले एकदाची म्हणून. दुसऱ्या तासाला मी मुद्दाम त्यांच्या अगदी जवळून चालवली. मग मागून धूळ उडवत एका शेतकऱ्याची गाडी आली, आणि मी “अहो” म्हणून हाक मारली, पुन्हा मारली, तिसऱ्यांदा किंचाळले. हे वाटेच्या मधोमध, आपल्याच तंद्रीत. गाडी करकचून थांबली. धूळ अंगावर आली तेव्हा कुठे हे बाजूला झाले आणि म्हणाले, “वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही.” वारा नव्हता. गडग्यावरचं गवतसुद्धा हलत नव्हतं.

हिवाळ्यापासून टीव्हीचा आवाज का वाढला होता, कुकरच्या शिट्ट्या मलाच का मोजाव्या लागत होत्या, ब्राउनश्वाइगला शिकणाऱ्या मुलीच्या व्हॉट्सॲप कॉलवर हे नुसतं ‘हो, हो’ का करत होते, सगळं एकदम समोर उभं राहिलं. कान गेले तर काम जाईल, ते जाऊ दे. पण कानांवाचून हा माणूस स्वतःला ओळखणार कशावरून, ह्या विचारात मी मागे पडले.

पुढच्या चढावर एका म्हाताऱ्या जर्मन सायकलवाल्याने माझ्या चेनकडे बोट दाखवलं, हसला, आणि खिशातली तेलाची छोटी बाटली काढून दिली. हे वरच्या वळणावर थांबले होते. बोट त्यांना दिसलं, बाटली दिसली नसावी. मी तेल घातलं आणि चेन गप्प झाली.

थोडं अंतर गेल्यावर ह्यांनी मान कलती केली, अगदी पूर्वीसारखी, आणि वळून न बघता म्हणाले, “चेन वाजतेय तुझी. सकाळपासून ऐकतोय.”

खाली फक्त खडी वाजत होती.

“वाजतेय खरी,” मी म्हणाले, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

मुक्कामी पोचल्यावर घरमालकाकडून तेल मागून आणून हे माझ्या सायकलपाशी उकिडवे बसले. चेनला हात लावला आणि बोटं काळ्या, ओल्या तेलाने माखली. त्या बोटांकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग रुमालाला हात पुसले आणि बाटली न उघडताच परत देऊन आले.

आता ह्यांच्या कानांत ऐकायची यंत्रं आहेत, कारखान्यातलं काम बदललंय, आणि बेटावर आम्ही पुन्हा गेलेलो नाही. रविवारी तळघरातून सायकली काढून घरामागच्या जंगलातल्या खडीच्या वाटेने निघतो तेव्हा हे पुढे असतात, मान अगदी सरळ. यंदा मी चेनला तेल घातलेलं नाही. ती कुरकुरत राहते, आणि काळाने माणूस माझ्याजवळ ठेवून त्याची फक्त जी कलती मान नेली, तिची वाट बघत मी त्या पाठीमागून जात राहते.