आतल्या बाजूला बोट लावायचं नाही

अ‍ॅसिड. वीस सेकंद.

माझं तोंड उघडं आहे. ओठांवर निळ्या रबराचा पडदा ताणून बसवलाय, त्यातून फक्त पुढचे दात बाहेर. कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. म्हणजे सध्या मी बाई नाही, दातांची चौकट आहे.

लेक दातांची डॉक्टर. नवरा चाळीस वर्षं सिरॅमिकचे दात घडवणारा. मधे खुर्चीत मी, पुढचा दात तुटलेली.

"अठरा, एकोणीस, वीस." लेक दातावर चिकटवायचा सिरॅमिकचा नखाएवढा पापुद्रा पाण्याखाली धरते. ह्यांनी तो माझ्या दातासाठी घरच्या मागच्या खोलीत, स्वतःच्या भट्टीत भाजलाय. अ‍ॅसिडनं आतून तो आता खडूसारखा पांढराफटक झालाय.

"गुळगुळीत भिंतीवर गिलावा बसतो का?" हे मला सांगतात. लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली, अजून माझी शिकवणी चालूच आहे. "तसंच आहे हे. आतली बाजू खडबडीत केली की सिमेंट धरून राहतं. आणि यापुढे आतल्या बाजूला बोटसुद्धा लावायचं नाही."

"बाबा, तिला परीक्षेला बसवताय का?"

"बसलीच आहे की."

मी हसले. ऐकू आलं: अं.

यंदा ह्यांनी घडवलेले दोन दात पेशंटच्या तोंडातून सुटून परत आले. आयुष्यात कधी असं झालं नव्हतं. मागच्या आठवड्यात लेक स्वयंपाकघरात माझ्याशी हळू आवाजात बोलली. "आई, तुझा टिकला तर ठीक. नाहीतर मी दात बाहेरून करून घेणार. भट्टी काढून टाकू. बाबांचा हात आता राहिला नाही." हे दारातच उभे होते. "चालेल," म्हणाले, आणि ज्यासाठी आले होते ते पाणी न पिताच परत गेले.

सायलेन. साठ सेकंद.

पाण्यासारखं औषध. एका बाजूनं सिरॅमिकला धरतं, दुसऱ्या बाजूनं सिमेंटला. "मध्यस्थ आहे तो," असं हे म्हणतात. लेकीनं ते ब्रशनं आत फिरवलं, पापुद्रा चिकट टोकाच्या काडीवर उताणा ठेवला, घड्याळ लावलं आणि माझ्या दाताकडे वळली. ह्यांच्याकडे पाठ.

हे ट्रेजवळ, स्टुलावर.

पन्नास. एकोणपन्नास.

ह्यांचा हात काडीकडे गेला. काडी उचलली. पापुद्रा खिडकीकडे धरला. भुवया आक्रसल्या. पांढराफटक, रंगच कळत नाही.

आणि जीभ.

एकदाच, अलगद, आतल्या बाजूवरून.

ओला केला की दाताचा खरा रंग दिसतो. घरी बाकावर दिवसातून पन्नासदा करतात; मीच ओरडते, काय ती घाणेरडी सवय. पण तेव्हा अ‍ॅसिड लागलेलं नसतं. सायलेन लागलेलं नसतं.

काडी जागेवर. हात मांडीवर. चेहऱ्यावर काहीही नाही. चोरून केलं असतं तर मला ते चेहऱ्यावर दिसलं असतं. ह्यांना कळलंच नव्हतं.

मी म्हणाले: अगं थांब, ह्यांनी चाटलं ते, सगळं पुन्हा कर, ते दोन दातही असेच सुटले असणार, ह्यांचा हात चांगला आहे गं.

ऐकू आलं: अं अं अंऽऽ.

मी हात वर केला.

"दुखणार नाही आई, भूल दिलीये. हात खाली घे."

मी ह्यांचा सदरा ओढला. ह्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि थोपटत राहिले. "घाबरट," म्हणाले. सोडेचनात.

घड्याळ वाजलं. लेकीनं हवा मारून पापुद्रा वाळवला. वाळलेली लाळ कुणाला दिसते? मग सिमेंट. मग दाब. मग निळा दिवा, चाळीस सेकंद.

पडदा निघाला. नळी निघाली. आता बोलता येत होतं.

ह्यांनी आरसा धरला. "हस."

लेक दात बघत होती, आणि कित्येक महिन्यांनी तिनं बापाच्या पाठीवर थाप मारली. "बाबा, कुठला खरा, ओळखू येत नाही."

हात थकला म्हटलं तर माणूस काम थांबवतो, एवढंच. पण आपण काय केलं तेच त्याला कळत नाही, असं म्हटलं तर पुढे काय काय थांबवतात?

मी हसले.

नऊ दिवस.

मी पावसुद्धा दाढेनं तोडला. सफरचंद किसून. चहा कोमट. "दात शोकेसमध्ये ठेवलायस का?" हे विचारायचे, खुशीत. नवव्या दिवशी दात घासताना पापुद्रा बेसिनमध्ये पडला. टिक्. एवढाच आवाज.

दहावा. पुन्हा लेकीची खुर्ची.

लेकीनं भिंग लावून आधी माझा दात बघितला, मग पापुद्रा. "सिमेंट सगळं दातावर आहे. याला कणभरही नाही. म्हणजे सुटलं ते सिरॅमिकच्या बाजूनं. बाबा, तुमच्या बाजूनं."

ह्यांनी पापुद्रा तळहातावर घेतला, खिडकीकडे वळले. भुवया आक्रसल्या.

आणि जीभ.

"रंग मात्र अचूक आहे," म्हणाले.

लेकीच्या हातातलं भिंग तसंच राहिलं. ती ह्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"आई. तुला माहीत होतं?"

पडदा नव्हता. नळी नव्हती. हातही मोकळा होता.

मी म्हणाले: अं.