बिनतारेची नळी

सत्यशीला डिप्लोमा करून परभणीच्या टेलिफोनच्या मायक्रोवेव्ह स्टेशनात रुजू झाली, ते साल एकोणीसशे नव्वद. लहरींची गणितं तिला तोंडपाठ होती. यंत्रं मात्र तिनं पुस्तकातल्या चित्रांतच पाहिलेली. तिथले जुने तंत्रज्ञ माणिकराव नेमके उलटे. शाळा दहावीपर्यंत, पण एकेका यंत्राची नाडी हाताखाली.

दुसऱ्याच आठवड्यात, एका सकाळी, लहरीचा जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली आला. गंगाखेडकडचे फोन खरखरू लागले.

"बघा तुमीच," म्हणून माणिकराव बाजूला उभे राहिले.

सत्यशीलानं वीज तपासली, जोडण्या तपासल्या. सगळं ठीक.

"ताई, नळीतली हवा बघितली का?"

यंत्रापासून टॉवरवरच्या अँटेनापर्यंत एक चौकोनी पोकळ नळी जात होती. तीत तार नव्हती. लहरच तीतून वर जायची. नळीत कोरडी हवा भरणारा पंप भिंतीशी होता आणि हवा सुकवणारे दाणे त्याच्या काचेच्या बरणीत. निळे असायचे ते पार गुलाबी पडले होते.

"ओल धरलीय दाण्यांनी. आता नळीत दमट हवा जायलीय, लहर तिथंच मरायलीय. पुस्तकात असंल की हे?"

"नव्हतं, काका," ती खरं बोलली.

त्यांच्या सांगण्यावरून चहाच्या स्टोव्हवर कढईत तिनं दाणे परतले. तासाभरात ते निळे झाले. पंप चालू केला, दुपारपर्यंत काटा जागेवर आला. सत्यशीलाला एकदम भूक लागली.

डबा खाताना माणिकराव अवघडून म्हणाले, "एक इचारू? बारा वर्सं ही नळी सांभाळायलोय. तार न्हाई, तर बोलणं जातं कसं? कुणाला इचारायची लाज वाटली."

तिनं नळीचा सुटा तुकडा आणि पट्टी त्यांच्या हातात दिली. आतली रुंदी भरली साडेतीन सेंटिमीटर.

"आपल्या लहरीची लांबी सव्वाचार सेंटिमीटर. तिच्या निम्मं किती?"

"दोनाच्या जरा वर."

"नळी त्या निम्म्याहून रुंद आहे, म्हणून लहर भिंतींवर आपटत पुढं सरकते. दोनाची केली, तर आत शिरताच विरून जाईल."

माणिकरावांनी पुन्हा मोजलं. मग फोन उचलून पुढच्या स्टेशनातल्या लिंबाजीला गाठलं.

"लिंबाजी, लय सोपं हाय, ऐक! नळी लहरीच्या दुप्पट..."

"निम्म्याहून जास्त, काका!" सत्यशीला हसत ओरडली.