आकडा तोच, माप वेगळं

"मावशी, हीटर बिघडलेला न्हाय. हीटर लहान हाय," हीटर तपासायला आलेला फिटर रितेश फडक्याला हात पुसत म्हणाला.

सत्यवती ट्रेमधली आमसुलं उलटत होती. याही खेपेला सालांवर पांढरी बुरशी धरली होती. "लहान कसा? ठरल्या मापाचाच हाय, साठ हजारांचा. माझ्या भावानं स्वतः उभं राहून बसवलाय."

जून उजाडला की दिवेआगरच्या अंगणांतलं वाळवण भिजून जायचं. म्हणून बायकांच्या गटानं सुकवणीची खोली बांधली होती. गॅसच्या हीटरवर पाणी तापायचं, ते नळ्यांतून खोलीत फिरायचं आणि पंखे ती ऊब ट्रेवर ढकलायचे. हीटर किती मोठा लागेल ते तपासणीला आलेल्या साहेबांनी ठरवून दिलं होतं, पण गटाच्या पैशांतून तो आणायचा कुणी, यावर सगळ्या अडल्या. माझा भाऊ शिवदास काशीदला रिसॉर्ट चालवतो, त्याला यंत्रांतलं कळतं, त्याच्यावर सोडा, असं सत्यवतीच म्हणाली. शिवदास चालायला लागायच्या आत आई गेली होती. शाळा सोडून सत्यवतीनं त्याला कडेवर वाढवला. तिचा शब्द पडला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

पहिली खेप नासली तेव्हा शिवदास आला. खोलीत डोकावला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आक्का सारखं दार उघडते. ऊब ठरणार कशी? यंत्राचा दोष न्हाय, हाताचा हाय."

सत्यवतीला ते पटलं. तेव्हापासून ती दाराशी पाट टाकून राखणीला बसायची, कुणाला आत जाऊ द्यायची नाही. तरी आमसुलं नासतच राहिली. नारळांच्या बुडाशी ओतलेल्या नासक्या आमसुलांकडे बघत गटातली रखमा एकदा म्हणाली, "तुझ्या हाताला यश न्हाय गं यंदा." ते बोलणं तिनं गिळलं. ते खरंच असेल असं तिला वाटलं होतं.

रितेशनं हीटरच्या पाठीवरची पट्टी दाखवली. "आकडा साठ हजारच. पण तो बीटीयूचा. तुमचा किलोकॅलरीचा ठरला असणार."

"म्हंजे?"

"तासाला किती ऊब देतो त्याचीच दोन्ही मापं. पण एका किलोकॅलरीत जवळजवळ चार बीटीयू बसतात. तुम्ही पायली मागितली, पदरात पडला शेर."

"दुकानदारानं फसवलं शिवदासाला," ती लगेच म्हणाली.

रितेश घुटमळला. "मावशी, शिवदासशेठच्या रिसॉर्टवर सत्तर किलोवॅटचा मोठा हीटर मीच बसवला. दोन्ही एकाच टेम्पोतनं आले होते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असंल."

"त्याचा सत्तरचा असंल. आमचा साठ हजारांचा."

"किलोवॅट हे तिसरं माप. एक किलोवॅट म्हंजे आठशेसाठ किलोकॅलरी." त्यानं मोबाइलवर गुणाकार करून तिच्यापुढे धरला. साठ हजार दोनशे. साहेबांनी गटाला ठरवून दिला होता तेवढाच. आकडे तिला वाचता येत होते.

तिनं ट्रे जागेवर सरकवला आणि बाहेर येऊन दार घट्ट ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती दिघीच्या जेट्टीवरून खाडी ओलांडून एसटीनं काशीदला गेली.

"आक्का, फोन न्हाय, काय न्हाय?" शिवदास पुढे आला. "पाय धू आधी. नळाला गरम पाणी हाय."

परसातला नळ तिनं सोडला. पाणी इतकं कढत होतं की हात झटकन मागे आला.

"कुठल्या हीटरचं रे हे?"

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नळ बंद केला. "शनिवार-रविवार सगळ्या खोल्या भरतात. पाणी पुरत न्हवतं. सीझन संपला की बदलून देणारच होतो. आणि आकडा तर तोच दिला ना तुम्हाला. कुणाला कळलं असतं?"

"नसतं कळलं. पण दोष माझ्या हाताला का लावलास?"

शिवदासनं मान वळवली. "कायतरी सांगायला लागतंच ना, आक्का."

सत्यवती पायरीवर बसली. फोन काढून रखमाला लावला. पलीकडे नीट ऐकू जाईना, म्हणून तिला दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं, "माझ्याच भावानं केलं. रितेशला घेऊन टेम्पोनं या."

"घरातली गोष्ट घरात राहू दे," शिवदास दबक्या आवाजात म्हणाला. व्हरांड्यातले पाहुणे बघत होते.

"घरातली असती तर राहिली असती. ही गटाची हाय."

वहिनीनं दोनदा जेवायला बोलावलं. ती उठली नाही. दुपार कलताना टेम्पो आला. रितेशनं नळ्या सोडवल्या, बायकांनी पदर खोचले. शिवदास गाडीला टेकून मोबाइलमध्ये बघत राहिला. हीटर वर चढल्यावर रखमा म्हणाली, "सत्यवती, तू पुढं बस. दमलीस." तिनं नको म्हणून मान हलवली आणि मागे, हीटरला पाठ लावून बसली.

टेम्पो दिवेआगरच्या आळीत वळला तेव्हा दिवस बुडायला आला होता. वाडीच्या दगडी गडग्यापाशी शेजारीण उभी होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"माहेराहून आलीस व्हय?" तिनं विचारलं. "काय दिलं भावानं?"

सत्यवती खाली उतरली, पदर खोचला आणि हीटरच्या कडेला हात घातला.

"ये, एक बाजू धर," ती म्हणाली. "जड हाय."