रेवती माझ्यामागे लपायची

मित्रांनो, मी एक जुना, फुगीर पाठीचा रंगीत टीव्ही आहे. आता माझा पडदा उजळत नाही, पण मला सगळं आठवतं.

दूरच्या एका कारखान्यात माझी जुळणी झाली. आप्पासाहेबांनी मला कन्नडच्या दुकानातून घेतलं आणि गोधडीत गुंडाळून, जीपमधून देवगाव रंगारीला आणलं. त्यांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी मला हळदकुंकू लावलं. त्यांची आठ वर्षांची लेक रेवती तर इतकी जवळ येऊन बसली, की तिचा श्वास माझ्या काचेवर उमटला. असं स्वागत प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

रेवती त्यांच्या पोटची नव्हती. तान्ही असताना त्यांनी तिला औरंगाबादच्या एका संस्थेतून घरी आणलं होतं. हे तिला कळत्या वयापासून ठाऊक होतं, आणि त्यात तिला काही वेगळं वाटत नव्हतं.

संध्याकाळी स्वयंपाक उरकून आळीतल्या बाया माझ्यापुढे जमत. एका मालिकेवर सगळ्यांचा जीव होता. तिच्यातही अशीच एक सांभाळलेली मुलगी होती. तिला वाढवणारी आई सारखी रडायची, नाहीतर देवापुढे हात जोडून उभी राहायची. ती लेकीच्या डोक्यातल्या उवा काढताना किंवा तिला अभ्यासावरून रागावताना कधी दिसली नाही. मग एके दिवशी लांबलचक गाडीतून जन्मदाती आली. मुलीनं वाढवणाऱ्या आईचा हात झटकला आणि "आई!" म्हणत ती गाडीकडे धावली. ते शब्द दूर कुणीतरी लिहिलेले होते, पण आवाज माझ्यातून निघाला.

शेजारच्या दगडाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गेलीच बघा. आपलं ते आपलंच असतंय!"

आणि सगळ्या माना रेवतीकडे वळल्या.

त्यानंतर दारात अनोळखी गाडी थांबली, की रेवती माझ्यामागच्या कोपऱ्यात शिरायची. माझ्या गरम पाठीला टेकून, गाडी जाईपर्यंत तिथंच बसायची. कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा कापसाचा व्यापारी जीप घेऊन आला आणि चहापाणी करत बराच वेळ बसला; तोवर माझ्यामागे रेवतीचा डोळा लागला. तो गेल्यावर रेवतीला हाका सुरू झाल्या. ती शाळेत नव्हती, शेजारीही नव्हती. कुणीतरी विहिरीचं नाव काढलं. आप्पासाहेब अनवाणीच धावले. मला सगळं कळत होतं, सांगता मात्र येत नव्हतं.

मनकर्णाबाई घरात आल्या आणि मटकन खाली बसल्या. तेव्हा त्यांना माझ्या टेबलाखाली लाल रिबीन दिसली.

"अगं, इथं काय करतीस? तुझे बाबा विहिरीवर गेले की गं!"

"गाडी गेली का?"

"कुणाची गाडी?"

"मला न्यायला आलेली. टीव्हीत आली तशी."

मनकर्णाबाईंनी तिला बाहेर ओढलं नाही. विहिरीकडं निरोप धाडायला त्यांनी दारात जमलेल्या एका बाईला हाक मारली, आणि स्वतःच धुळीतून सरकत माझ्यामागे जाऊन बसल्या.

"लिहिणाराला गाडी आणायची व्हती, म्हणून त्यानं आणली, बाळा. खरं तसं नसतंय."

"पण ती बाई खरंच आली तर?"

मनकर्णाबाईंनी तिची रिबीन सारखी केली. "आली तर चहा करीन. पाया पडीन तिच्या. तिनं जन्म दिला म्हणून तर तू मला घावलीस. पण तुला कुणी उचलून नेणार नाय. तू माझी हायेस."

"अन् मी तुझा हात झटकला तर?"

"झटक की! रोज वेणी घालताना झटकतीसच."

रेवती हसली. दोघी जळमटांनी माखून बाहेर आल्या. तेवढ्यात आप्पासाहेब धापा टाकत आले आणि लेकीला उचलून उराशी धरून राहिले.

त्या संध्याकाळी मालिका लागली आणि दगडाबाईंनी पुन्हा सुरुवात केली, "सांभाळून काय उपेग..."

"दगडाबाई," मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "माझी लेक इथं बसलीय. टीव्हीतल्या दोन आयांना भांडू द्या. माझं हिच्या जन्मदातीशी कायबी भांडण नाय. लई उपकार हायेत तिचे माझ्यावर."

दगडाबाई ओशाळल्या. सरकून जागा करत म्हणाल्या, "ये गं रेवे, माझ्यापशी बस. तिथून नीट दिसत नसंल."

पुढे रेवती मालिकेतल्या पोरींनाच ओरडायची, "अगं येडे, चाललीस कुठं?" आणि सगळी आळी हसायची. मोठी होऊन ती चितेगावच्या कंपनीत नोकरीला लागली. माझी पिक्चर ट्यूब गेल्यावर तिनंच घरी भिंतीवरचा नवा टीव्ही आणला. मला भंगारात द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा तिनं मला मागच्या खोलीत ठेवून घेतलं. दिवाळीत मनकर्णाबाई माझी धूळ पुसतात. जीवनानं मला भरपूर दिलं, मित्रांनो. कसलीच तक्रार नाही.

एकच मागणं आहे. तुमच्या ओळखीत असं सांभाळलेलं लेकरू असेल, तर त्याला 'तुझी खरी आई कोण?' असं विचारू नका. आज डब्यात काय आणलंस, ते विचारा. ते झाकण उघडून सांगेल, "आईनं थालीपीठ दिलंय."