दर्याबाबाचा चौथरा

"हट मागं, दर्या!" चौथऱ्यावरून दर्याबाबानं त्रिशूळ आपटला आणि कोपरखारच्या बांधावर जमलेल्या दोनशे माणसांनी हात जोडले. खरंच की हो! पौर्णिमेचं उधाण, भर दुपारी खाडी काठोकाठ भरलेली, आणि चौथऱ्याच्या अलीकडं तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, रानात पाण्याचा टिपूस नाही. चिखलाला भेगा, तिवरं पिवळी.

"भक्तहो, ही तिवरं म्हणजे हडळीचे केस! मी शाप दिला, वाळले. आता मुळासकट तोडा. इथं सोन्यासारखी जमीन होईल!"

सोनं कुणाच्या घरात जाणार, ते बाबा सांगत नव्हता. बांधाखाली मात्र एका रिसॉर्टवाल्याची पांढरी गाडी सकाळपासून उभी होती.

मृणालीचं डोकं फिरलं. उपग्रहानं काढलेली चित्रं ताडून कुठं किनारा खचतोय, कुठं तिवरं मरतायत हे शोधणं तिचं रोजचं काम. कोपरखारचं रान नकाशात पिवळं दिसलं म्हणून ती धावत आली होती. आणि पहिला घाव घालायला कुऱ्हाड घेऊन उभी कोण, तर तिची सख्खी आत्या, ठमाबाई! आत्याचं भातशेत याच बांधाला लागून. तिवरं गेली की लाटा थेट बांधावर, बांध फुटला की शेतात खारं पाणी. मग दोन-तीन वर्षं खा माती!

"आत्ये, कुऱ्हाड खाली ठेव."

"गप गो! बाबानं दर्या हटवला. आमी डोल्यानं बगितला."

"हटवताना बघितलास?"

"कसा बगनार? दोन म्हयन्यामागं नऊ दिवस बंदी व्हती. बांधावर पाय ठेवायचा न्हाय, दर्याकडं बगायचा न्हाय. धाव्या दिवशी आलो तं पानी गायब!"

मृणालीनं कपाळावर हात मारला. पिढ्यान्‌पिढ्या या गावात घरटी पाळीनं एकजण रोज बांधाची फेरी मारतो, खेकड्याचं बीळ दिसलं तरी बुजवून मगच घरी जातो. आणि कुणीतरी दाढीवाला सांगतो म्हणून तेच गाव नऊ दिवस पाठ फिरवून बसलं! लाज वाटायला हवी की नको?

तिनं लॅपटॉप उघडला. "हे बंदीआधीचं चित्र. ही काळी रेघ म्हणजे तिवरांना पाणी देणारा नाला. आणि हे बंदीच्या सातव्या दिवसाचं. नाल्याच्या तोंडाशी तांबडा पट्टा दिसतो? मुरूम आहे तो. बाबानं तुमचे डोळे मिटवले, उपग्रहाचे कोण मिटवणार?"

म्हातारा धर्मा, गावात सगळ्यांत जास्त फेऱ्या मारलेला माणूस, पडद्यावर वाकला. "आरं, ह्या जागी तं बाबाचा चौथरा हाय!"

"यंत्रात सैतान असतो!" बाबा किंचाळला. "चौथऱ्याला हात लावील त्याचा निर्वंश होईल!"

ठमाबाईनं कुऱ्हाड टाकली, धर्माच्या हातातली कुदळ घेतली आणि ती चौथऱ्यावर चढली. "माजी नातवंडा शालंत जातान. निर्वंश करायला तुला लय उशीर झाला, बाबा. सरक."

भगव्या कापडाखाली मुरूम निघाला, मुरमाखाली मातीनं भरलेल्या गोण्या. धर्मानं हातभार लावला. चार गोण्या निघाल्या, पाचवी खाडीनंच ढकलली. सगळे बांधाकडं पळाले आणि पाणी धाडदिशी तिवरांत शिरलं. बाबाचा बसायचा पाट त्यावर तरंगत गेला. "हट मागं" म्हणायला बाबा थांबला नाही. लुंगी वर करून तो पांढऱ्या गाडीत जाऊन बसला, आणि गावाला आणखी पुरावा लागला नाही.

मृणालीचा राग तरी उतरेना. "निम्मी तिवरं मेली," ती कडाडली. "शापानं नाही, पाणी तोडल्यानं! देवाला खुशाल हात जोडा. पण जो तुम्हाला 'बघू नका' म्हणेल, तिथं आधी जाऊन बघा. एवढी अक्कल वापरायला उपग्रह लागत नाही!"

ठमाबाईनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले.

"उंद्याची फेरी माजी," ती म्हणाली. "आनि परवाचीबी."