नाईटचा आठवडा

सिंधुताईंनी पुऱ्यांच्या डब्यावर झाकण ठेवून मूठ आपटली. झाकण एका बाजूनं बसलं, दुसऱ्या बाजूनं उचकलं. त्यांनी पुन्हा मूठ आपटली.

“आजी, गुस्सा हो क्या?” उन्नतीनं विचारलं. नात सात वर्षांची होती, शाळेतली हिंदीच बोलायची आणि मोठ्यांच्या हातांकडे नीट पाहायची.

“डबा वाकडा आहे,” सिंधुताई म्हणाल्या.

डबा चांगला होता. चादरीच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान केवलराम मांडी घालून बसले होते आणि मांडीत चार वर्षांचा शुभम होता. मैत्री बागेत आल्यापासून केवलराम गोष्टी सांगत होते. डिसेंबरची दुपार होती, रविवार, गवतावर जिकडेतिकडे चादरी अंथरलेल्या.

“अन् मग का झालं, का तुह्या पप्पाच्या स्वेटरचा धागा अटकला जाळीले. हरणाच्या जाळीले. अन् हा पोट्टा निघाला पयत. पुढं पुढं पोट्टा, मागं मागं धागा. बाही गेली, गळा गेला...”

शुभम खिदळून मागे रेलला.

“मग आमी का केलं? आमी निघालो लोकर गुंडाळत, त्याच्या मागं. सारी बाग फिरलो. हातात एवढा गोळा, अन् पोट्टा उघडा!”

झाडाला टेकून बसलेला त्यांचा मुलगा प्रशांत मोबाईलमधून मान वर काढून हसला. “ऑरेंज होता ना तो स्वेटर, बाबूजी?”

“केशरी. मधात हिरवी पट्टी. लोकर पुरली नाही म्हणून हिरवी घातली होती.”

सिंधुताईंचा हात डब्यावरच थांबला. ती हिरवी पट्टी त्या स्वतः विसरल्या होत्या. शेजारच्या बाईकडून मागून आणलेली लोकर. खरं होतं.

बाकी सगळंही खरं होतं. फक्त त्या दिवशी केवलराम बागेत नव्हते. ते सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये, खिडकीला कांबळं लावलेल्या खोलीत झोपले होते.

नाईटचा आठवडा लागला की तसंच असायचं. रात्रभर पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस सकाळी घरी यायचा आणि चहासुद्धा न घेता आडवा व्हायचा. मग दोन खोल्यांच्या त्या घरात दुपार उलटेपर्यंत आवाज नाही. सिंधुताईंनी दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली होती. कुकर लावायचा नाही, भांडी घासायची नाहीत, रेडिओकडे बघायचंही नाही. क्वार्टरांच्या ओळीत कुणाच्या घरी नाईट चालू आहे, हे विचारावं लागत नसे. त्या घरची मुलं चवड्यांवर चालायची.

पण मुलं चवड्यांवर किती वेळ चालणार? शाळेला सुट्टी असली की सिंधुताई प्रशांतला आणि धाकट्या मोनाला घेऊन बाहेर पडायच्या. कधी सिविक सेंटरला, दुकानांच्या काचांतून नुसतं बघायला. कधी इथं. उन्हातान्हात, पायी, मिळाला तर टेम्पोनं. मुलांना वाटायचं, आई फिरायला नेते. त्यांनीही तसंच वाटू दिलं. फिरणं कसलं, झोपलेल्या माणसासाठी घर रिकामं करणं होतं ते.

संध्याकाळी केवलराम उठून जेवायला बसायचे, आणि त्यांचा डबा भरता भरता सिंधुताई दिवसभराचं सगळं सांगायच्या. हरीण, होडी, कोण पडलं, कोण रडलं. केवलराम खाली मान घालून घास घ्यायचे. कधी हूं नाही की चूं नाही. भिंतीला सांगितल्यासारखं व्हायचं. तरी त्या सांगायच्या, कारण दुसरं मोठं माणूस घरात नव्हतं.

“आता मोना आत्या हरपली होती ते सांगू का?” केवलराम म्हणाले.

“नका सांगू,” सिंधुताई म्हणाल्या.

“कावून? चांगली गोष्ट आहे.” ते मुलांकडे वळले. “तिकडं, ट्रेनपाशी. हे गर्दी! पायतो त मोना नाही. तुमची आजी त रडालेच लागली. मटकन खालीच बसली. मी म्हणलं, अवो, भेवू नको, मी आहो ना.”

“फिर?” उन्नती पुढे सरकली.

“मग मी सांगतो,” प्रशांतनं मोबाईल खिशात टाकला. “मग बाबूजींनी मला खांद्यावर बसवलं. म्हणाले, पाय, लाल फ्रॉक कुठं दिसतो ते पाय. आणि मलाच दिसली! फुटाणेवाल्या बाईजवळ बसून मजेत फुटाणे खाऊन राहिली होती. मेरे को आज भी याद है.”

सिंधुताईंचा हात आपोआप मानेकडे गेला.

त्या खाली बसल्या नव्हत्या. रडल्याही नव्हत्या, रडायला वेळ कुठे होता? पदर कमरेला खोचून त्या वाकल्या होत्या, सहा वर्षांच्या मुलाला म्हणाल्या होत्या, चढ. त्यानं दोन्ही मुठींत त्यांचे केस धरले होते. सगळी माणसं बघत होती. मुलाला चारी बाजूंचं दिसावं म्हणून त्या जागच्या जागी हळूहळू गोल फिरल्या होत्या. त्याच्या कॅनव्हासच्या बुटांचा चिखल छातीवर दोन्हीकडे लागला होता. तशाच साडीनं टेम्पोत बसून त्या घरी आल्या होत्या आणि दाराशी मुलांना खूण करून म्हणाल्या होत्या, हळू.

“मी खाली बसली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“असू दे ना, आई. सगळेच घाबरतात.”

“घाबरली होती. पण बसली नव्हती. अन् हे तेव्हा इथं नव्हतेच. घरी झोपले होते. तुले मी घेतलं होतं खांद्यावर.”

प्रशांत हसला. वाईट हसला नाही. लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं प्रेमानं हसला, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

“तू? अरे यार आई, तू मला कशी उचलशील? मला पक्कं आठवते, किती उंचावरून दिसत होतं. पूरी ट्रेन दिसत होती वरून. ते काय तुझे खांदे होते?” त्यानं वडिलांकडे पाहिलं. “बाबूजी, सांगा ना हिले.”

केवलराम शुभमच्या मोज्याला चिकटलेलं गवत काढत होते. त्यांनी एक काडी काढली, मग दुसरी.

“जुनी गोष्ट आहे,” ते म्हणाले. “कोण आठवत बसते आता.”

ममता शुभमचं तोंड पुसत होती. रुमाल तसाच धरून तिनं एकदा सासूच्या खांद्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “चला हो,” ती उठली. “पाण्याची कॅन गाडीतच राहिली. मला एकटीला नाही उचलणार.”

“एवढीशी तर कॅन आहे.”

“चला म्हटलं ना.”

ते दोघं गेले. मुलं झाडापलीकडे सुकी पानं गोळा करू लागली. सिंधुताईंनी डबा पिशवीत घातला, पिशवीतून काढला, पुन्हा घातला.

“त्याले सांगितलं कावून नाही?”

“का सांगू?”

“झोपलो होतो म्हणून.”

केवलरामांनी गवताची एक काडी उपटली. मग म्हणाले, “अवो, या पोट्ट्याईले मी सांगू तरी का? त्याईले हरीण पायजे, ट्रेन पायजे. माह्याजवळ भट्टी आहे अन् धूर आहे. ते कोण ऐकते?”

“म्हणून माह्या गोष्टी घेतल्या.”

“तूच त सांगत होती. डबा भरता भरता.”

“ऐकत होते तुमी?”

“त का बहिरा होतो? रात्रभर तेच राहे डोक्यात. भट्टीचं दार उघडलं का समोर तेच. हरीण, लोकर, मोनाचा फ्रॉक. तेवढंच घेऊन जात होतो मी घरून.” त्यांनी हातातली काडी मोडली. “आता त मलेच समजत नाही, मी होतो का नव्हतो.”

दुसऱ्या एखाद्या दिवशी हे ऐकून सिंधुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आज त्यांना संताप आला. म्हणजे ऐकत होते. खाली घातलेल्या त्या डोक्याशी त्या वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, आणि ते डोकं सगळं ऐकत होतं, लोकरीच्या रंगासकट. एक हूं म्हणायला काय लागत होतं?

“तुमी आले त आले त्याच्यात,” त्या म्हणाल्या. आवाज बारीकच होता. त्यांना मोठ्यानं भांडण्याची सवय नव्हती. “या ना. जागा होती. पण मले कावून काढलं त्याच्यातून? अन् वरून रडाले बसवलं.”



सिंधुताई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. “उन्नती, शुभम, चला. ट्रेनमधे बसू.”

केवलराम चपला शोधू लागले. “थांब, मीबी येतो.”

“तुमी बसा. पिशवीपाशी कोणी पायजे.”

ट्रेनचा डबा लहान मुलांच्या मापाचा होता. सिंधुताईंचे गुडघे छातीशी आले. एका बाजूला उन्नती, दुसऱ्या बाजूला शुभम. ट्रेन शिट्टी वाजवून निघाली, तळ्याच्या कडेनं वळली, आणि शुभमनं आनंदानं पाय झाडला. त्याचा एक बूट उडून मागच्या गवतात पडला. त्यानं आधी पायाकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि भोकाड पसरलं.

“रोको!” सिंधुताई ओरडल्या.

ट्रेन चालूच होती.

“अरे रोको! सुनाई नहीं देता क्या? बच्चे का जूता गिरा है! रोको!”

पुढच्या डब्यांतली माणसं वळून बघू लागली. तळ्यातल्या होडीतल्या बाईनंही मान वळवली. ट्रेन थांबली. सिंधुताई उतरल्या, साडी सावरत मागे गेल्या, बूट उचलला, झटकला आणि तशाच चालत परत आल्या. एका पोरानं टाळ्या वाजवल्या.

“आजी,” ट्रेन पुन्हा सुरू झाल्यावर उन्नती म्हणाली, “आपकी आवाज़ इतनी बड़ी है?”

“आहे.”

“घर पे तो ऐसे नहीं बोलते आप.”

“घरी कधी गरज लागली नाही.”

उन्नतीनं थोडा विचार केला. “तो पापा को सच में आपने उठाया था?”

“हो.”

“शुभम को उठा के दिखाओ ना.”

“आता नाही उचलत माह्यानं.” सिंधुताईंनी बूट मांडीवर धरून ठेवला होता. “तेव्हा उचललं होतं.”

उन्नतीनं मान हलवली, जणू एवढं पुरेसं होतं, आणि ती बदकं बघू लागली.

त्या परत आल्या तेव्हा केवलराम चादरीवर कुशीवर झोपले होते. पिशवी उशाशी, एक हात डोळ्यांवर आडवा. प्रशांत आणि ममता पाणी घेऊन परतले होते. मुलं धावत येताना पाहून प्रशांतनं झटकन ओठांवर बोट ठेवलं.

“श्श. आबाजी झोपले.”

उन्नती थबकली. शुभम तर चवड्यांवरच उभा राहिला आणि एका पायात बूट, एका पायात नुसता मोजा, असा एकेक पाऊल जपून टाकत येऊ लागला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. सिंधुताईंची नजर प्रशांतच्या बोटावर गेली. बोट सरळ उभं, मान किंचित कलती, डोळे मोठे केलेले. त्यांनी ते लगेच ओळखलं. ते त्यांचंच बोट होतं.

“उठवा त्याईले,” त्या म्हणाल्या.

“आई, झोपू दे ना. थकले आहेत.”

“आवाज द्या,” त्या मुलांना म्हणाल्या. “दोघंही. जोरात.”

मुलांनी बापाकडे पाहिलं, मग आजीकडे. ममतानं पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. उन्नतीनं भावाचा हात धरला.

“आबाजी!”

शेजारच्या चादरीवरची माणसं वळली. केवलराम दचकून उठून बसले. डोळे अजून मिटलेलेच होते, पण हात चपला चाचपू लागला.

“भोंगा झाला का?”

“नाही.” सिंधुताई त्यांच्यासमोर बसल्या. पिशवीतून डबा काढला, झाकणावर दोन पुऱ्या ठेवल्या आणि झाकण त्यांच्यापुढे सरकवलं. शुभमला जवळ ओढून त्याच्या पायात बूट घालता घालता त्या बोलू लागल्या. आवाज आता बारीक नव्हता.

“खा. अन् ऐका. याचा बूट पडला ट्रेनमधून, तळ्याच्या वळणावर. ट्रेन मी थांबवली. बूट मी आणला. आमी तिघं होतो, ही, हा अन् मी. तुमी नव्हते.”

केवलरामांनी पुरीचा तुकडा तोडला. तो हातातच राहिला. मान खाली जायला लागली होती. ती मध्येच थांबली. त्यांनी प्रशांतकडे पाहिलं. प्रशांत आधीपासूनच त्यांच्याकडे बघत होता.

“हूं,” केवलराम म्हणाले. “झोपलो होतो.”